दारापासून आठ पावलं

घराचा नकाशा काढून घ्यायला येणारी माणसं हल्ली मोबाइलवर एक फोटो आणतात. हिरवळ, लांब लाकडी टेबल, वर दिव्यांच्या माळा, कडेनं कुंड्या. टेबलाशी माणूस एकही नसतो. "मॅडम, मागच्या बाजूला असं काहीतरी बसवा," म्हणतात. मी फोटो नीट बघते, कारण त्यामागची हौस खरी असते. मग विचारते, "भाकऱ्या कुठं करणार?"

नवरा बायकोकडे बघतो. बायको कागदावर बोट फिरवते. स्वयंपाकघर इथं, जेवायची जागा तिथं, मध्ये हॉल, व्हरांडा, चार पायऱ्या आणि गाडी लावायची जागा. बोट फिरता फिरता थांबतं. रविवारी सगळे बाहेर बसतील तेव्हा आपण कुठं असू, हे तिचं तिलाच दिसलेलं असतं.

कोरेगाव भीमा, सणसवाडी, वढू, शिक्रापूर या पट्ट्यात मी पंचवीस वर्षं घरं आखते आहे. घराबाहेर जेवायच्या जागेवर पुस्तिका लिहायला घेतली ती या एका मापापायी. फरशी कुठली, छप्पर कशाचं, झाड कोणतं, हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईलच. पण चुलीपासून ताटापर्यंत पावलं किती, हे आधी मोजायचं. ते चुकलं की बाकी कितीही देखणं केलं तरी जागा वापरात राहत नाही. वर्षभरात तिथं कपड्यांचं स्टँड आणि मुलांच्या जुन्या सायकली येतात.

आमच्या जुन्या घरात मी हे अंतर मोठी झाल्यावर मोजलं. स्वयंपाकघर, माजघर, ओसरी, दोन पायऱ्या आणि अंगण मिळून बेचाळीस पावलं भरली. उन्हाळ्यात रात्रीचं जेवण कायम अंगणात, तुळशीच्या अलीकडे. सारवलेल्या जमिनीवर पटकूर टाकायचं, मध्ये कंदील, आजोबा भिंतीला टेकून, आम्ही पोरं ओळीनं. आई आत चुलीपुढं. तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली की भाकरी टम्म फुगायची, पापुद्रा सुटायचा, कडेनं वाफ निघायची. टोपल्यातून बेचाळीस पावलं जाईपर्यंत ती बसलेली असायची. आम्हाला ती गरमच वाटायची. फुगलेली भाकरी घरात फक्त आई बघायची, आणि ती जेवायची सगळ्यात शेवटी, आतच, पिठल्याची खरवड आणि सकाळची उरलेली भाकरी घेऊन. चांदण्यातल्या त्या जेवणांच्या आठवणी आम्ही भावंडं आजही काढतो. त्यातल्या एकाही आठवणीत आई बसलेली नाही.

म्हणून माझं माप आठ पावलांचं आहे. आठ पावलं म्हणजे साधारण वीस फूट. एवढ्यात भाकरी फुगलेली ताटात पडते. आतल्याला बाहेरचं बोलणं ऐकू येतं, बाहेरच्याला हाक मारून मीठ मागता येतं, आणि करणारं माणूस दोन भाकऱ्या टाकून येऊन परत आपल्या ताटावर बसू शकतं. अंतर त्याहून वाढलं की वाढणारे वेगळे आणि जेवणारे वेगळे होतात. तवाच बाहेर आणता आला तर सगळ्यात चांगलं. दोन फूट रुंदीचा कट्टा, खाली शेगडीची सोय, शेजारी पाण्याचा एक नळ, एवढंच लागतं. नळ विसरू नका. भांडी आत नेऊन घासायची असली की बाहेर जेवायचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो.

ही तवा बाहेर आणायची गोष्ट आपल्याच तालुक्यात तीन हजार वर्षं जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदाई केली. सांकळिया, ढवळीकर यांच्यासारखी मोठी माणसं त्या कामात होती. पांढरीच्या टेकाडाखाली निघालं ते इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. बार्ली पिकवणारी, गुरं पाळणारी माणसं. मातीच्या बुटक्या भिंतींची चौकोनी घरं, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी, धान्याची पेवं. घरांच्या आत चुली सापडल्या तशा बाहेर अंगणातही विस्तवाचे खड्डे सापडले. पुढं कोरडे दिवस आले, मोठी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. इनामगावचे नकाशे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरांच्या भिंतींपेक्षा त्या अंगणातल्या खड्ड्यांवरच माझी नजर अडकली. आपण जे ‘आउटडोअर’ म्हणून विकत आणायला निघालो आहोत ते या मातीत आधीपासून आखलेलं आहे.

तो खड्डा आजही आपल्याकडं आहे. डिसेंबर-जानेवारीत हुरडा सुरू झाला की शेतात आगटी पेटते. हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या, गोवऱ्यांची धग बसली की ज्वारीची कोवळी कणसं आत खुपसायची. कणीस हिरव्याचं काळपट झालं की काढून तळहातावर चोळायचं. फोलपटं फुंकरीनं उडतात, हातावर ऊन ऊन हिरवे दाणे उरतात. गूळभेंडीचा हुरडा असेल तर गुळाचा खडा नुसता सोबतीला. लसणाची चटणी, दही, बास. हुरड्याला वाढपी नसतो. जो भाजतो तोच चोळतो, शेजारच्याच्या हातावर ओततो आणि स्वतःच्या तोंडात टाकतो. म्हणून माझी प्रत्येक घरमालकाला विनंती असते की सगळं अंगण फरशीनं झाकू नका. चार बाय चारचा मातीचा तुकडा मोकळा ठेवा. एरवी त्यात कोथिंबीर लावा, पौषात ती काढून आगटी करा.

आता उन्हावाऱ्याचं. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जास्तीत जास्त पैसे इथं वाया जातात.

आपण साडेअठरा अंशाच्या थोडं वर आहोत. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाला सावली उरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला नऊ फुटांपर्यंत पडते. म्हणजे घराच्या उत्तरेला जेवायची जागा केली तर थंडीच्या दुपारी तिथं शाल घेऊन बसावं लागेल. पश्चिमेला केली तर उन्हाळ्यात ऊन आडवं, थेट डोळ्यांत. पूर्वेला केली तर दुपारी दोननंतर घराचीच सावली अंगणात उतरते आणि संध्याकाळपर्यंत लांबत जाते, जमीन निवायला चार तास मिळतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळं पूर्वेच्या बाजूला झड कमी बसते. उन्हाळी संध्याकाळचा वाराही पश्चिमेचाच. चूल जेवणाऱ्यांच्या पूर्वेला असेल तर धूर शेताकडं जातो, डोळ्यांत येत नाही. वारा घरानं अडतो हा पूर्वेचा तोटा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे जागा घराच्या दक्षिण टोकाकडं सरकवून थोडी पुढं काढायची. मग वारा कोपऱ्याला वळसा घेऊन पोचतो आणि थंडीत दुपारचं ऊनही मिळतं.

पूर्व आणि दक्षिण मिळून आग्नेय झाली. वास्तुशास्त्र मानणारी मंडळी स्वयंपाकघर आग्नेयेलाच मागतात. मी त्या शास्त्रावर घर आखत नाही, पण इथं माझं आणि त्यांचं जुळतं. स्वयंपाकघर आग्नेयेला, त्याला पूर्वेकडं एक दार, दाराबाहेर आठ पावलांत जेवायची जागा. असा नकाशा मी आजवर कितीतरी वेळा काढला आहे आणि तो पुन्हा काढायला मला कधी कंटाळा येत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. स्वतःच्या घरी पहिली जागा मी पश्चिमेला केली होती, भीमेच्या बाजूचा सूर्यास्त दिसावा म्हणून. वर निळा पत्रा टाकला. एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचला स्टीलच्या ताटाला हात लावला तर पोळत होतं. सासूबाई कधी काही बोलल्या नाहीत, फक्त आपलं ताट उचलून आत नेत राहिल्या. रात्री नऊला ती जागा निवायची, तोवर मुलं झोपलेली असायची. पावसात पत्र्याच्या आवाजानं शेजारी बसलेल्याचं बोलणं कळेना. तीन उन्हाळे काढले आणि मग मी तो पत्रा उतरवला. आता तिथं धुणं वाळतं, आणि धुण्यासाठी ती जागा उत्तम आहे.

छपराच्या बाबतीत माझं म्हणणं असं की आपल्याकडं पाऊस चार महिने आहे, तोही पश्चिम घाटासारखा कोसळणारा नाही. आपण घाटाच्या आडोशाला पडणारा कोरडा मुलूख आहोत. पावसात बाहेर जेवायचा हट्ट सोडला तर पक्क्या छपराचा खर्च वाचतो. बांबूचा किंवा लोखंडी मांडव, त्यावर मधुमालती किंवा जाई चढवायची. पहिली दोन वर्षं वेल वाढेपर्यंत शेतीच्या दुकानातली शेडनेट बांधायची. उसाच्या पाचटाचं छप्पर गार असतं, आपल्याकडं पाचटाला तोटाही नाही, पण त्याखाली किंवा शेजारी चूल अजिबात नको. एक ठिणगी पुरते.

झाडाची सावली मात्र कुठल्याही छपरापेक्षा मोलाची. घाई करून चुकीचं झाड लावू नका, एवढंच सांगते. शेवगा भराभर वाढतो म्हणून लोक लावतात. त्याची फांदी वाऱ्यानं मोडते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट जमतात. तो परसात हवा, जेवणाच्या पानावर नको. आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो, टेबल पुसून पुसून हात दुखतात. जांभळाचे डाग फरशीवरून जात नाहीत. कडुलिंब भर उन्हाळ्यात गर्द असतो, त्याखाली बसण्याचं सुख वेगळंच. जून-जुलैत लिंबोळ्या पडतात तेवढे दिवस झाडू हाताशी ठेवायचा. माझी स्वतःची निवड देवचाफ्याची. थंडीत तो पानं टाकतो आणि ऊन खाली सोडतो, उन्हाळ्यात पानांनी भरतो, फुलं पडतात ती वेचून ताटाशेजारी ठेवावीत अशी. फांदी कुंडीतूनही लागते आणि मूळ पायाला त्रास देत नाही.

जमिनीबद्दल कोरेगावकरांना वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगते. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी टाकली की दुसऱ्या वर्षी फरशा दातांसारख्या वर-खाली होतात. दीड-दोन फूट काळी माती काढायची, सहा सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून चोपायचं, मग वर शहाबादी. पॉलिशचा काळा कडप्पा उन्हात तापतो आणि ओला झाला की पाय घसरतो, तो बाहेर नको. दहा फुटांना दीड इंच ढाळ घराच्या उलट दिशेला द्यायचा. पाणी साचलं नाही तर डासही कमी. भीमा-इंद्रायणीवर जलपर्णी माजते त्या दिवसांत संध्याकाळचे डास काय असतात ते आपण जाणतो, त्यात आपल्या कुंड्यांच्या ताटल्यांमधल्या पाण्याची भर नको.

दिवे पिवळे, मंद आणि टेबलापासून दूर. पांढऱ्या उजेडावर पहिल्या पावसानंतरची पाखरं झेपावतात आणि आमटीत पडतात. यापलीकडं दिव्यांवर माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही.

मापं प्रकरणांत दिली आहेतच, पण टेबल की पंगत हा प्रश्न इथंच घेते. सहा जणांचं टेबल पाच बाय तीन फूट धरलं तरी खुर्च्या मागं ओढायला चहूबाजूंनी तीन-तीन फूट सोडावे लागतात, म्हणजे अकरा बाय नऊ. तेवढ्याच जागेत मांडी घालून दहा माणसं सहज जेवतात. गुडघेदुखीच्या माणसांना टेबल लागतं, हेही तितकंच खरं. म्हणून मी जमिनीपासून दीड फूट उंचीचा पसरट ओटा सुचवते. ज्याला मांडी घालता येते त्यानं वर चढून बसावं, ज्याला येत नाही त्यानं पाय खाली सोडून बसावं, आणि दोघांची ताटं एकाच पातळीवर राहावीत.

एकाच पातळीवर, हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या त्या अंगणात आणखी एक जागा होती, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना खोटी ठरेल. कुंपणाजवळ, गोठ्याच्या अलीकडे, एक दगड होता. सुगीला कामावर येणाऱ्या काही माणसांचं जेवण तिथं असायचं. भाकरी वरून हातावर टाकलेली, पाणी वरून ओतलेलं. त्यांच्या ताटल्या गोठ्याच्या वळचणीला वेगळ्या खोचलेल्या असायच्या. मी लहान होते, मला तो दगड अंगणाचाच भाग वाटायचा, तुळशीसारखा. घरं आखायला लागल्यावर कळलं की तो दगडही कुणीतरी आखलेलाच होता. अंगण उघडं असतं, पण त्यात रेघा असतात.

त्या रेघा पुसायचं कामही आपल्याच मुलखात, घरांच्या आवारातच झालं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. हौद घराचा, आवार घराचं, निर्णयही घरातला. १९२८ मध्ये लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या गायकवाड वाड्यात समाज समता संघाचं काम सुरू केलं आणि त्या वाड्यात सहभोजन घडवलं. एका वाड्याच्या आवारात माणसं एका पंगतीला बसली याची त्या काळी केवढी खळबळ झाली असेल याची कल्पना करा. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जानेवारी १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर आमच्या कोरेगाव भीमापाशी आले होते, इथल्या १८१८ च्या लढाईच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला. स्तंभ नदीपलीकडं पेरण्याच्या हद्दीत आहे. दर वर्षी त्या दिवशी नगर रस्त्यानं लाखो माणसं येतात, भाकरी-चटणी बांधून आणतात, सावली दिसेल तिथं सोडून खातात. २०१८ साली याच रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्या दिवसाबद्दल या गावात राहणाऱ्या कुणालाही हलक्या आवाजात बोलता येत नाही, मलाही येत नाही. माझ्या हातात घराचा नकाशा आहे, तेवढ्यावर मी बोलते. रस्त्याकडच्या भिंतीला एक बसता येईल असा कट्टा आणि सावलीत एक माठ, ओगराळ्यासकट, एवढं मी प्रत्येक नकाशात काढते. काही जण खोडतात. बरेच जण ठेवतात.

ही पुस्तिका फक्त दोन-तीन गुंठ्यांवर बंगला बांधणाऱ्यांसाठी नाही. सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला आलेली, दहा बाय दहाच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कितीतरी कुटुंबं एप्रिल-मेमध्ये गच्चीवर जेवतात. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. गच्चीवर आठ पावलांचा हिशेब जिन्यानं बिघडतो, म्हणून तिथं छोटी शेगडी, वाऱ्याला आडोसा आणि झाकणाची भांडी यांचा विचार केला आहे. खोल्या बांधून भाड्यानं देणाऱ्या मालकांनी ते प्रकरण आवर्जून वाचावं. गच्चीवर एक नळ आणि एक दिवा काढून द्यायला फार खर्च येत नाही.

गेल्या फाल्गुनात वढूच्या रस्त्याला एका घराची आखणी होती. गवंडी आला होता, दोरी ताणली होती, फक्कीची पाटी भरून तयार. घरची बाई अजून न बांधलेल्या स्वयंपाकघराच्या न बसवलेल्या दारात उभी राहिली. हातात काहीच नव्हतं, तरी तिनं दोन्ही हात पुढं धरले, गरम पातेलं धरावं तसे, आणि चालायला लागली. तेराव्या पावलाला नकाशातली जागा आली. ती तशीच मागं वळली, पाच पावलं दाराकडं आली, पायानं मातीवर खूण केली आणि म्हणाली, "हितं." गवंड्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दोरी सोडायला सांगितली.